टेबलाबाहेरची थैली

माझा भाऊ टपालगाडी चालवतो. एवढं सगळं होऊनही चालवतो, आणि माझ्या रागाची सुरुवात तिथूनच होते.

गल्लीत त्याला सगळे ‘सीलबंद’ म्हणतात. हे नाव माझंच. लहानपणी मी आईची काचेची बरणी फोडली होती. दादानं ते पाहिलं होतं. आईनं विचारलं, दरडावलं, शेवटी त्यालाच दोन धपाटे घातले, पण पठ्ठ्यानं तोंड उघडलं नाही. पुढे तो टपालखात्यात ड्रायव्हर म्हणून लागला तेव्हा मीच म्हटलं होतं, खात्याला अगदी बरोबर माणूस सापडला. थैलीला सील आणि ड्रायव्हरलाही सील. ते नाव गल्लीनं उचललं. आता पोस्टातलेसुद्धा त्याला त्याच नावानं हाक मारतात.

गाडीपायी तो इतका काटेकोर की बघणाऱ्याला चीड यावी. निघण्याआधी प्रत्येक थैलीचं सील अंगठ्यानं दाबून बघणार, मग ओढून बघणार. ड्रायव्हरच्या शेजारची जागा कायम रिकामी. तिथं तो स्वतःचा डबासुद्धा ठेवत नाही, पायाशी ठेवतो. वहिनीला कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी दारात उभी होती. हा बाहेर पळाला आणि कोपऱ्यावरून टॅक्सी घेऊन आला. का, तर गाडी खात्याची आहे. वहिनी पुढे कितीतरी वर्षं म्हणायची, “मी पत्र असते तर वेळेवर पोचले असते.” तेव्हा आम्ही सगळे हसायचो. हल्ली ती हे म्हणत नाही.

माझं इस्त्रीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे आणि टपालपेटी माझ्याच भिंतीला ठोकलेली आहे. त्यामुळे कोण काय टाकतं, कोण पाकीट आत सोडल्यावर पुन्हा फटीत बोट घालून चाचपतं, सगळं मला दिसतं. दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं की नगरपालिकेच्या इमारतीवरचं घड्याळ दिसतं. ते घड्याळ बघूनच मी दुकान उघडते आणि बंद करते. हे मुद्दाम सांगते आहे. इमारत डोळ्यांना दिसते एवढ्या अंतरावर आहे, हे लक्षात ठेवा.

आता भिंगरीबद्दल सांगायला हवं. ती दादाची मुलगी, वय वर्षं आठ. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. चार वर्षांची होईपर्यंत ती घरात वादळासारखी होती. काही हवं असलं आणि कुणाला कळलं नाही की भिंतीवर डोकं आपटायची, चावायची. माझ्या मनगटावर तिच्या दातांचा वण आहे. मग ती आमच्या गावातल्या कर्णबधिरांच्या शाळेत जायला लागली. गाव तिला ‘खुणांची शाळा’ म्हणतं. तीन खोल्या, एक अंगण, दोन बाई. पण सहा महिन्यांत पोर बदलली. तिचे हात बोलायला लागले आणि मग थांबेचनात. म्हणून तर ती भिंगरी.

आणि पोरीपेक्षा जास्त तिचा बाप बदलला. शनिवारी त्या बाई आईबापांचाही वर्ग घ्यायच्या. दादा एकही शनिवार चुकवायचा नाही. आमचा सीलबंद, जो तोंडानं महिन्याभरात बोलला नसता ते हातांनी एका संध्याकाळी बोलायचा! रस्त्यात दिसलेली माकडं, शहरातल्या साहेबाचं पोट, पुलावर अडकलेली म्हैस, सगळं. ती दोघं ओट्यावर बसून हातवारे करत खिदळायची आणि मी इकडे इस्त्री फिरवताना बघत राहायचे. चाळीस वर्षं ज्या भावाशी मी एकतर्फी बोलत आले, त्याच्या पोटात इतक्या गप्पा होत्या हे मला तेव्हा कळलं. मला त्या पोरीचा हेवाही वाटायचा. वाटायचा म्हणजे वाटायचा, त्यात लपवायचं काय!

तर ही शाळा नगरपालिकेच्या डोळ्यांत खुपायला लागली. मुलं थोडी, खर्च फार. शेवटी ठरलं, गावालाच विचारू: शाळा चालू ठेवायची, की बंद करून मुलांना शहरातल्या वसतिगृहाच्या शाळेत पाठवायचं? त्यावर मतदान. आठ वर्षांच्या पोरीनं कुठं झोपायचं यावर गावानं मत द्यायचं, आणि तिच्या बापालाही एकच मत. हे ऐकलं तेव्हाच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण दादा म्हणाला, “विचारतायत तर सांगू या की. लोक वाईट नसतात.”

आमच्या भागाचं मतदान केंद्र या वेळी टेकडीवर होतं, नुसत्या पायऱ्याच पायऱ्या. म्हणून म्हातारे, आजारी आणि त्या दिवशी कामावर असणारे यांना टपालानं मत देण्याची सोय केली होती. घरी कागद आले. आत एक पाकीट, त्यावर दुसरं पाकीट, बाहेर सही. आणि तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं: मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत मोजणीच्या कचेरीत पोचलेलीच मतं धरली जातील. त्या दिवसाच्या आत टाकलेली नव्हे. पोचलेली.

आमच्या गल्लीत निम्मे लोक साठीच्या पुढचे आणि उरलेले पाळीवर जाणारे. सगळे दादाला विचारायला आले. समोरच्या मास्तरीणबाई अंथरुणावरून उठत नाहीत, त्यांनी त्याला निरोप पाठवून बोलावून घेतलं.

“अरे, मी कुणालातरी हाताशी धरून कचेरीतल्या पेटीत टाकायला पाठवते. पोस्टाचं काही खरं नाही म्हणतात.”

दादा खाटेशेजारी टोपी हातात धरून उभा होता. मी त्यांच्या चादरी द्यायला गेले होते म्हणून मी हे कानांनी ऐकलं.

“कशाला कुणाला त्रास देता बाई? खाली पेटीत टाका. पाकीट माझ्याच गाडीतून जाणार.”

“नक्की?”

“मी स्वतः नेणार आणि मी स्वतः आणणार.”

एवढी वाक्यं त्यानं आयुष्यात कुणाला सलग ऐकवली नव्हती. त्यामुळेच ती खरी वाटली. मास्तरीणबाईंनी थरथरत्या हातानं सही केली. त्यांचं पाकीट मीच पेटीत टाकलं. मग गल्लीतल्या एकेकानं टाकलं. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानंही टाकलं आणि वर मला ऐकवलं, “माझं मत तुमच्या शाळेच्या विरोधात आहे हां, आधीच सांगतो. शहरात पोरं चांगली शिकतील.” मी त्याला म्हटलं, “मग तुझा शर्ट तूच इस्त्री कर.” पण त्याचंही पाकीट पडलं. मतदानाला आठवड्याहून जास्त अवकाश होता. कुणीही आळस केला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

आता हा प्रवास कसा असतो ते ऐका. पूर्वी आमच्या पोस्टात मागच्या खोलीत एक लांब टेबल होतं. गावातलं गावात जाणारं टपाल त्या टेबलावर वेगळं काढायचे आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमन ते दारात टाकायचा. मग शहरात मोठं यंत्र आलं. यंत्र आलं म्हटल्यावर टेबल काढून टाकलं. आता माझ्या भिंतीवरच्या पेटीत नगरपालिकेसाठी पत्र टाकलं तर ते नगरपालिकेकडे जात नाही. ते आधी डेपोत जातं, तिथं थैलीत बंद होतं, दादाच्या गाडीत बसून घाट उतरून शहरात जातं, यंत्रातून निघतं, दुसऱ्या थैलीत बंद होतं, घाट चढून परत येतं आणि मग कुठं त्या घड्याळाच्या इमारतीत शिरतं. असला द्राविडी प्राणायाम. तरीही दादाचं म्हणणं असं की नेणारा मी, आणणारा मी, मधे एखाददुसरा दिवस. तोपर्यंत तसंच होतही होतं.

पण त्याच महिन्यात वरून नवा हुकूम आला होता: गाडी पूर्ण भरल्याशिवाय सोडायची नाही. अर्धी गाडी पाठवणं परवडत नाही म्हणे. थैल्या डेपोत पडून राहिल्या. दादा रोज वर्दी चढवून जायचा आणि गाडी पुसून परत यायचा. मी हात धुऊन मागे लागले तेव्हा कुठं त्यानं सांगितलं, की त्यानं डेपोच्या साहेबांना विचारलं होतं.

“काय विचारलंस?”

“म्हटलं, साहेब, त्यात मतांची पाकिटं आहेत. तेवढी थैली तरी जाऊ द्या.”

“मग?”

“साहेब म्हणाले, थैली बंद आहे. आत काय आहे ते तुला कसं माहीत?”

“आणि तू काय म्हणालास?”

दादानं खांदे उडवले. “बरोबर आहे त्यांचं. मला माहीत नसायलाच हवं.”

मी इस्त्री खाली आपटली. कुणाची तरी कॉलर जळली. ती कॉलर मी अजून दादाच्या नावावर धरली आहे.

शेवटी गाडी भरली आणि तो गेला. शहरात यंत्रासमोर सगळ्या गावांच्या थैल्यांचा ढीग लागलेला, कारण असल्या भरल्या गाड्या सगळीकडून एकदमच येऊन थडकल्या होत्या. त्यानं तिथंच दोन दिवस गाडीत काढले. रिकामा परत ये म्हणून निरोप आला, तेव्हा ‘इंजिन तापतंय’ असं सांगून तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला असेल. अखेर मतदानाच्या दिवशी सकाळी त्याला आमच्या गावच्या थैल्या मिळाल्या. त्यातल्या एकीवर चिठ्ठी होती: नगरपालिका, मतमोजणी. त्यानं अंगठ्यानं सील दाबलं, ओढून पाहिलं आणि गाडी हाणली.

दुपार टळत असताना तो डेपोच्या फाटकाशी आला. फाटकाला कुलूप. आत एकटा वॉचमन, खुर्चीवर पाय पसरून बसलेला.

“आज कुणी नाही,” वॉचमन म्हणाला. “सुट्टी आहे.”

“कसली?”

“मतदानाची!”

सगळ्यांना मत देता यावं म्हणून पोस्टाला सुट्टी. थैली उघडणारा कारकून सुट्टीवर, पोस्टमन सुट्टीवर, डेपोचे साहेब सुट्टीवर. ज्यांनी हा दिवस ठरवला आणि ज्यांनी ही सुट्टी ठरवली, त्यांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. रीतीप्रमाणे दादानं गाडी आत लावायची, किल्ली वॉचमनकडे द्यायची आणि घरी यायचं. त्या वॉचमननं हातही पुढे केला होता.

दादानं किल्ली दिली नाही. त्यानं गाडी वळवली.

माझ्या दुकानासमोर हॉर्न वाजला तेव्हा मला वाटलं, दुसरंच कुणीतरी आहे. दादा हॉर्न वाजवत नाही. मी बाहेर आले तर टपालगाडी गल्लीच्या तोंडाशी वाकडी उभी, आणि शेजारच्या जागेचं दार उघडं.

“बस,” तो म्हणाला.

“मी? गाडीत?”

“बस लवकर. मला बोलता येणार नाही तिथं.”

ज्या जागेवर वहिनी बाळंतपणाला बसली नाही त्या जागेवर मी बसले. रस्ता अगदी एवढासा, पण त्या एवढ्याशा रस्त्यात त्यानं दोनदा घाम पुसला. घड्याळात पाच वाजायला आले होते. माझा जीव भांड्यात पडला होता, खरं सांगते. म्हटलं, तासभर आहे, पोचलो आपण.

मोजणीची कचेरी त्याच घड्याळाच्या इमारतीत, तळमजल्यावर होती. दारात काचेची पेटी, तिच्यात अजून लोक हातानं आणलेली पाकिटं टाकत होते. आत लांब टेबल आणि टेबलामागे निवडणुकीचे साहेब. तरुण, चेहऱ्यानं सालस. दादानं थैली पाठीवरून आणली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

साहेब असे मागे सरकले जणू थैलीत साप आहे.

“हे काय आहे?”

“टपाल, साहेब. तुमचं. चिठ्ठी वाचा.”

“पोस्टमन कुठं आहे?”

“सुट्टीवर.”

“मग हे कसं घेऊ मी? टपाल पोस्टमननं द्यायचं असतं, सहीच्या कागदासकट. तुम्ही तर ड्रायव्हर दिसता.” आणि मग शिपायाला, “अरे, ती थैली आधी खाली काढ. टेबलावर राहिली तर मिळाली असा अर्थ होतो.”

शिपायानं ती टेबलावरून उतरवली आणि जमिनीवर ठेवली. साहेबांनी जरा विचार केला. “खोलीत नको. बाहेर.” मग शिपायानं ती ओढत नेऊन दाराबाहेर, उंबरठ्याला टेकून ठेवली. मी बघत होते. त्या थैलीत मास्तरीणबाईंची थरथरती सही होती, पंक्चरवाल्याचं नाठाळ मत होतं, वहिनीचं होतं, माझं होतं, आणि दादाचंही होतं. त्या दिवशी कामावर असल्यामुळे त्यानंही टपालानंच दिलेलं. स्वतःचं मत स्वतः वाहून त्यानं दारापर्यंत आणलं होतं आणि ते दाराच्या पलीकडे जात नव्हतं.

मग माझं तोंड सुटलं. मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिता येणार नाही. त्यातलं छापण्यासारखं एवढंच: “साहेब, हे लोक जिवंत आहेत, सह्या त्यांच्या आहेत, नाव तुमचं आहे, सहा वाजायचे आहेत. अजून काय हवंय तुम्हाला?”

“मला कळतंय हो ताई.”

“कळतंय तर घ्या!”

“माझ्या अधिकारात नाही.”

त्यांनी फोनही केला, नाही म्हणणार नाही. वरच्या साहेबांनी सांगितलं, पोस्टाच्या साहेबांना विचारा. पोस्टाचे साहेब सुट्टीवर. त्यांच्या वरच्यांनी सांगितलं, रीतसर होऊ द्या. अशी टोलवाटोलवी चालली होती आणि प्रत्येक फोनला तो काटा पुढे सरकत होता. रोज ज्या घड्याळावर मी दुकान बंद करते त्याचे ठोके पहिल्यांदाच इतक्या जवळून कानात शिरत होते.

मी बाहेर गेले, गाडीतली पक्कड काढली आणि थैलीपाशी बसले. सील म्हणजे तरी काय, बोटाएवढा तुकडा आणि तार. एका दाबाचं काम. पाकिटं काढायची आणि काचेच्या त्या पेटीत ओतायची, जशी बाकीचे लोक टाकत होते.

दादानं माझं मनगट धरलं. बरोबर भिंगरीच्या दातांच्या वणावर.

“सोड,” मी म्हटलं. “तुझी नोकरी गेली तर मी पोसेन सगळ्यांना. सोड.”

“नोकरीचं नाही गं.”

“मग कशाचं? शाळा तिची जाते आहे आणि तू तार जपतोयस?”

“अगं ऐक. फोडलेल्या थैलीतलं एक पाकीट ते धरणार नाहीत. आणि म्हणतील, ड्रायव्हरची पोरगी त्या शाळेत आहे, त्यानंच भरली असतील. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या खोट्या ठरतील. मास्तरीणबाईंचीसुद्धा.”

माझ्या हातातली पक्कड तशीच राहिली. तो चुकीचं बोलत असता तर मी त्याला ढकलून तार तोडली असती. पण तो चुकीचं बोलत नव्हता. तोडली तरी मेलो, नाही तोडली तरी मेलो, असं कुणीतरी शांत डोक्यानं बसून आधीच ठरवून ठेवलेलं होतं आणि आम्ही दोघं भाऊबहीण त्या उंबरठ्यावर एका थैलीच्या दोन बाजूंना बसलो होतो.

सहा वाजले. शिपायानं काचेच्या पेटीला कुलूप लावलं. साहेब बाहेर येताना थैलीला पाय लागू नये म्हणून बाजूनं गेले आणि जाता जाता म्हणाले, “उद्या पाठवा रीतसर. मी नोंद करून घेईन.”

दादानं थैली उचलली, सील दाबून पाहिलं, ओढून पाहिलं, आणि डेपोकडे गेला. मी पायी घरी आले. मला त्या गाडीत बसवेना.

दुसऱ्या दिवशी पोस्टमननं तीच थैली उघडली, तीच पाकिटं सहीच्या कागदासकट त्याच टेबलावर ठेवली. या वेळी कुणी मागे सरकलं नाही. प्रत्येकावर शिक्का बसला: उशिरा प्राप्त.

शाळा एकवीस मतांनी हरली. थैलीत शंभरावर पाकिटं होती. ती सगळी आमच्या बाजूची होती असं मी म्हणत नाही; पंक्चरवाल्याचं तर नव्हतंच. पण गंमत बघा, निकालानंतर सगळ्यांत आधी भांडायला कचेरीत गेला तो पंक्चरवाला. “मी जिंकलोय हे मला माहीत आहे,” तो टेबल बडवत म्हणाला म्हणे, “पण माझं मत कुठं आहे?” त्याला बाहेर काढलं. तेव्हापासून त्याचे शर्ट मी नीळ घालून इस्त्री करते आणि आम्ही शाळेबद्दल बोलत नाही.

गल्ली दादाला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मास्तरीणबाईंनी एवढंच विचारलं, “तू होतास ना रे गाडीवर?” आणि त्यानं मान हलवली. खातं मात्र बोललं. ठरलेला रस्ता सोडून गाडी नेली आणि परक्या व्यक्तीला गाडीत बसवलं, याचा खुलासा मागवला. परकी व्यक्ती म्हणजे मी. मी म्हटलं, खुलासा मी लिहिते. दादानं मला कागदाला हात लावू दिला नाही. त्यानं स्वतः लिहिलं: चूक झाली, पुन्हा होणार नाही. मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. त्यानं काय फरक पडणार म्हणा, तो तसाही बोलत नाही.

शाळेच्या अंगणाला कुलूप लागलं आणि शनिवारचे वर्ग बंद झाले. शहरातल्या वसतिगृहाचं पत्र आलं, पोरीला कोणकोणते कपडे द्यायचे त्याचं. मी तिचे फ्रॉक इस्त्री करून घेऊन गेले तेव्हा वहिनी तिच्या नव्या पत्र्याच्या पेटीवर खूण म्हणून लाल रंगात मासा काढत होती. दादा सुट्टीचा म्हणून घरी होता. भिंगरी जमिनीवर बसून त्याच दिवशी आलेलं टपाल उलटंसुलटं करत होती. कचेरीनं न उघडलेली मतं ज्याची त्याला परत पाठवली होती. परत यायला त्यांना मुळीच उशीर झाला नव्हता.

तिच्या हातात दादाचं पाकीट होतं. वरची सही तिनं ओळखली आणि खूश होऊन बापाकडे बोट दाखवलं. मग ती शिक्क्यावरून बोट फिरवत एकेक अक्षर लावायला लागली. वाचायला तिला त्याच शाळेत शिकवलं होतं. पहिला शब्द लागला. तिनं मनगटावर टिचकी मारली आणि हात पुढे ढकलला. उशीर. मग तिनं भुवया उंचावल्या आणि बोट गोल फिरवलं. कोण?

दादानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

मी ताडकन उठले. माझ्या हातातले फ्रॉक खाली पडले. मी त्याचं ते बोट धरलं आणि छातीवरून ओढून काढलं. “खोटं सांगू नकोस पोरीला! तू वेळेवर आला होतास. तू दारात उभा होतास, मी होते तिथं!”

भिंगरीला यातलं काहीच ऐकू गेलं नाही. तिला एवढंच दिसलं की आत्या ओरडते आहे आणि बाबाचं बोट आत्याच्या मुठीत आहे. ती त्या बोटाकडे बघत राहिली. खुणांनी बोलताना ‘कोण’ला उत्तर द्यायचं तर बोट कुणाकडेतरी वळवावं लागतं. मी ते वळवायला निघाले. त्या सालस साहेबाकडे, डेपोच्या साहेबाकडे, गाडी भरू द्या म्हणणाऱ्याकडे, टेबल काढणाऱ्याकडे, सुट्टी देणाऱ्याकडे. खोलीत आम्ही चौघंच होतो. त्याचं बोट घेऊन माझा हात भिंतीकडे गेला, दाराकडे गेला, खिडकीकडे गेला.

तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग तिनं पाकीट बाजूला ठेवलं, खाली पडलेले फ्रॉक गोळा केले आणि ती आपली पेटी भरायला लागली.